गाडीतले स्वस्त मोबाइल चार्जर: वापरायचे की नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिग्नलला काचेवर टकटक करून विकला जाणारा, हायवेवरच्या टपरीत दोरीला लटकवलेला किंवा ऑनलाइन ‘९९ रुपयांत’ मिळणारा चार्जर. गाडीच्या लायटर सॉकेटमध्ये खुपसायचा आणि फोन लावायचा, एवढं साधं काम. तरी त्याबद्दल शंका भरपूर असतात. कारवाल्यांबरोबर रिक्षा, ट्रक आणि दुचाकीवालेही विचारतात, म्हणून त्यांचेही प्रश्न घेतले आहेत.

थेट सांगा, शंभर रुपयांचा चार्जर लावला तर चालेल का?

अडीअडचणीला, गाडीत बसलेले असताना, अर्ध्या तासासाठी चालेल. रोजच्या वापराला नको, महागड्या फोनला नको आणि गाडी लॉक करून निघून जाताना तर अजिबात नको.

किंमत कमी आहे म्हणून वस्तू वाईटच असते असं नाही. चारशे-पाचशेच्या चार्जरमध्येही शंभराचाच बोर्ड निघू शकतो, फक्त डबी चकचकीत. तेव्हा पैसे वाचवायला आत नेमकं काय गाळलंय, हे कळलं पाहिजे. खालची बहुतेक उत्तरं त्याबद्दलच आहेत.

गाडीत फक्त १२ व्होल्ट असतात. त्यात धोका कसला?

शॉक लागण्याचा धोका नाही, हे बरोबर. कोरड्या हाताला १२ व्होल्ट जाणवतही नाहीत. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचे साडेबारा-पावणेतेरा व्होल्ट असतात, इंजिन चालू झालं की अल्टरनेटरमुळे १३.८ ते १४.४.

धोका आहे तो करंटचा आणि उष्णतेचा. गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवायला शेकडो अँपिअर देते. तीच बॅटरी एखाद्या शॉर्ट झालेल्या पातळ वायरलाही तितक्याच उदारपणे करंट देते. घरात शॉर्ट झाला तर भिंतीतला एमसीबी पडतो. गाडीत मधे कोण आहे, ते पुढच्या प्रश्नात.

पण सॉकेटला फ्यूज असतोच ना?

असतो. बहुतेक गाड्यांत १५ अँपिअरचा, काहींत १० किंवा २० चा. पण तो गाडीची वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो. तुमचा चार्जर वाचवणं हे त्याचं काम नाही. गैरसमज होतो तो इथेच.

हिशोब करून बघा. १५ अँपिअरचा फ्यूज इंजिन चालू असताना जवळपास दोनशे वॅट सुखाने जाऊ देतो. समजा चार्जरच्या आत अर्धवट शॉर्ट झाला आणि तो ४ अँपिअर ओढायला लागला, म्हणजे साधारण ५५ वॅट. मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न २५ ते ३५ वॅटचं असतं. म्हणजे प्लास्टिकच्या एवढ्याशा डबीत दीड-दोन आयर्न तापत राहिली आणि गाडीच्या फ्यूजला पत्ताही नाही.

म्हणून चांगल्या चार्जरच्या टोकात स्वतःचा छोटा फ्यूज असतो. तपासणं सोपं आहे. चार्जर सॉकेटमधून काढा, टोकाशी असलेली खरबरीत कडी फिरवा. ती उघडली, पिन बाहेर आली आणि मागून काचेचा छोटा फ्यूज निघाला तर उत्तम. नुसतीच स्प्रिंग निघाली तर काय समजायचं ते समजा. काही चांगल्या नव्या चार्जरमध्ये फ्यूज बोर्डवरच डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेला असतो, तो बाहेरून दिसत नाही. पण रस्त्यावरच्या चार्जरमध्ये तशी आशा धरू नका.

स्वस्त चार्जर उघडला तर आत काय दिसतं?

डबीचे दोन भाग नुसते दाबून बसवलेले असतात, नख घातलं तरी उघडतात. आत तपकिरी रंगाचा, करंगळीएवढा बोर्ड. त्यावर आठ पायांची एक चिप, बऱ्याचदा ३४०६३ या जुन्या नंबरची. शेजारी तांब्याच्या तारेची लहानशी कॉइल, एक डायोड, दोन कपॅसिटर आणि हौसेचा निळा एलईडी. संपलं. बाजूच्या पत्र्यांना जोडलेली वायर केसासारखी बारीक आणि तिचा डाग इतका नाजूक की जरा ओढली की सुटते.

ती चिप स्वतः वाईट नाही. ४० व्होल्टपर्यंत इनपुट सोसते आणि वर्षानुवर्षं असंख्य उपकरणांत वापरली जाते. पण बाहेरून वेगळा ट्रान्झिस्टर न जोडता ५ व्होल्टला तिच्याकडून निर्धास्तपणे मिळतात अर्धा ते पाऊण अँपिअर. त्याच डबीवर ‘२.१ ए’ छापलेलं असतं. शिवाय फार तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय या चिपमध्ये नाही.

काय दिसत नाही, तेही बघा. फ्यूज नाही, अचानक वाढलेलं व्होल्टेज गिळणारा डायोड नाही, विजेतला गोंगाट (नॉइज) गाळणारी दुसरी कॉइल नाही.

चार्जर बिघडला तर फोन जळू शकतो का?

शकतो. गाडीच्या चार्जरमध्ये १२ चे ५ व्होल्ट होतात ते एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून. हा स्विच खराब होताना पुष्कळदा ‘चालू’ अवस्थेतच अडकतो. मग मधे अडवणारं काहीच उरत नाही आणि गाडीचे १३-१४ व्होल्ट थेट केबलमधून फोनकडे निघतात.

फोन वाचेल की नाही हे फोनवर अवलंबून. फास्ट चार्जिंगवाले बरेच फोन ९ व्होल्ट किंवा त्याहून जास्त घेण्यासाठीच बनवलेले असतात आणि त्यांच्या पोर्टमागे जादा व्होल्टेज रोखणारं सर्किट असतं. त्यामुळे ते अनेकदा तगतात. साधा बटणांचा फोन, इअरबड्सची डबी, स्मार्टवॉच, स्वस्त डॅशकॅम यांच्यात असं संरक्षण असेलच याची खात्री नाही. लोक नेमकं उलटं करतात. ‘जुना फोन आहे, चालतंय’ म्हणून जुन्या फोनला रद्दी चार्जर लावतात.

स्वस्त चार्जरने फोनची बॅटरी लवकर खराब होते म्हणतात. खरं का?

व्होल्टेज ५ च्या आसपास स्थिर असेल तर नाही. बॅटरीत किती करंट जाऊ द्यायचा हे फोनमधलं सर्किट ठरवतं, चार्जर फक्त पुरवठा करतो.

गाडीत बॅटरीचा खरा शत्रू वेगळा आहे. फोन डॅशबोर्डवरच्या स्टँडला, समोरून ऊन, स्क्रीन पूर्ण उजेडावर, मॅप चालू आणि वरून चार्जिंग. ॲपलचंच उदाहरण घ्या. आयफोन ० ते ३५ अंशांत वापरावा आणि ४५ अंशांहून गरम जागी ठेवू नये असं कंपनी सांगते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेरच ४५ असतात. काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तरीला टेकतो. फोन एसीच्या झरोक्यासमोरच्या स्टँडवर लावा. चार्जर बदलून जितका फरक पडेल, त्याहून जास्त याने पडेल.

चार्जर गरम होतो. किती गरम झाला तर काळजी करायची?

कोमट होणारच. फोनला १२ वॅट द्यायचे आणि चार्जरची कार्यक्षमता ७५ टक्के असेल, तर तो सॉकेटमधून १६ वॅट घेतो आणि उरलेले ४ वॅट उष्णता होऊन डबीतच राहतात. ९० टक्केवाला चार्जर जेमतेम सव्वा वॅट वाया घालवतो. स्वस्त आणि चांगल्यातला फरक असा बोटाला कळतो. दोन-तीन सेकंद धरवत नसेल इतका तापला तर काढा आणि परत लावू नका.

आता कुठे तापतोय ते बघा. पूर्ण डबी तापली तर आतला बोर्ड दमलाय. फक्त टोक तापलं, पिनभोवतीचं प्लास्टिक पिवळं किंवा मऊ पडलं, तर संपर्क सैल आहे. गाडी खड्ड्यात गेली की चार्जरचा दिवा लुकलुकतो का? मग हेच. आपल्या रस्त्यांवर हा त्रास सगळ्यात जास्त. ६० वॅटचा फास्ट चार्जर सॉकेटमधून ५ अँपिअरच्या आसपास ओढतो. सैल संपर्काचा रोध ०.२ ओहम इतका किरकोळ असला तरी त्या एका ठिपक्यावर ५ वॅट उष्णता तयार होते. म्हणून नुसता चार्जर भारी घेऊन भागत नाही, तो सॉकेटमध्ये घट्टही बसला पाहिजे. बाजूचे पत्रे चेपले असतील तर तो चार्जर कचऱ्यात. सॉकेटच सैल असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या, फार खर्च येत नाही.

डबीवर ‘३.१ ए फास्ट’ लिहिलंय, पण फोन हळू चार्ज होतो. का?

एक तर तो आकडा दोन्ही पोर्ट मिळून असतो, २.१ आणि १. दुसरं म्हणजे ५ व्होल्टला २.४ अँपिअर म्हणजे १२ वॅटच, याला आजच्या हिशोबाने फास्ट म्हणत नाहीत. खरं फास्ट चार्जिंग म्हणजे फोन आणि चार्जर आपसात बोलून व्होल्टेज किंवा करंट वाढवतात. त्यासाठी दोघांची भाषा एक लागते: पीडी (पॉवर डिलिव्हरी), क्विक चार्ज किंवा फोन कंपनीची स्वतःची पद्धत. कंपनीच्या पद्धतीला केबलही बहुधा तिचीच लागते.

खरं खोटं करायचं असेल तर तीन-चारशे रुपयांत यूएसबी मीटर मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज. चार्जर आणि केबलच्या मधे लावा. फोन लावलेला असताना व्होल्टचा आकडा ४.७५ ते ५.२५ च्या मधे राहिला पाहिजे (फास्ट चार्जिंग सुरू झालं की ९ किंवा जास्त दिसेल, ते ठीक). साडेचारच्या खाली जात असेल तर चार्जर किंवा केबल लटकी आहे. साध्या चार्जरवर साडेपाचच्या वर गेला तर फोन लगेच काढा.

चार्जर लावला की एफएमवर खरखर येते.

आत विजेतला गोंगाट गाळणारं सर्किट नाही, याचा हा सगळ्यात सोपा पुरावा. फुकटची चाचणी आहे. जरा कमजोर स्टेशन लावा, चार्जर घाला, काढा, पुन्हा घाला. फरक ऐकू आला तर चार्जर बदला. अशाच गोंगाटामुळे कधी रिमोट चावीची रेंजही कमी होते. चार्जिंगला असताना स्क्रीन आपोआप टाइप करायला लागली, तर तोही याच रोगाचा प्रकार.

गाडी बंद करून चार्जर तसाच ठेवला तर बॅटरी उतरते का?

चावी काढल्यावर सॉकेट बंद होत असेल तर नाही. काही गाड्यांत सॉकेट कायम चालू राहतं. चार्जरचा दिवा चावी काढूनही जळत असेल तर तुमची गाडी त्यातली. नुसता दिवा आणि बोर्ड मिळून २० मिलिअँपिअर घेत असतील तर महिन्याला साधारण १४ अँपिअर-तास होतात. छोट्या कारची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. रोज गाडी चालवणाऱ्याला याने काही होत नाही. गाडी सोसायटीत लावून महिनाभर गावी जाणाऱ्याला धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. पण बॅटरीपेक्षा मोठं कारण हे की बंद गाडीत, कोणी नसताना, फ्यूज नसलेला चार्जर चालू ठेवणं शहाणपणाचं नाही.

गाडी स्टार्ट करताना काढावा का?

चांगला चार्जर असेल तर गरज नाही. स्वस्त असेल तर काढा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली येतं आणि मग उसळतं. बॅटरीचं टर्मिनल सैल असेल आणि इंजिन चालू असताना ते सुटलं, तर ही उसळी क्षणभर ३५ व्होल्टपर्यंत जाऊ शकते, जुन्या गाडीत ८० ते १०० पर्यंतही. दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट देताना चार्जर, डॅशकॅम, सगळंच काढून ठेवा.

ट्रकमध्ये कारचा चार्जर चालतो का? डबीवर ‘१२–२४ व्होल्ट’ लिहिलंय.

लिहिलेलं असतं, पण डबी उघडून कपॅसिटरवर छापलेला व्होल्टचा आकडा वाचा. ट्रक-बसची यंत्रणा २४ व्होल्टची, चालू इंजिनावर २७-२८. स्वस्त चार्जरच्या इनपुटला पुष्कळदा २५ व्होल्टचा कपॅसिटर असतो, कधी १६ चा. २५ चा कपॅसिटर २८ वर चालवला की काही दिवस तगतो, मग फुगतो, मग फटकन फुटून आतलं द्रव्य उडतं. ट्रकसाठी ३५ किंवा ५० व्होल्टचा कपॅसिटर हवा. उघडून बघायचं नसेल तर सरळ नावाजलेल्या कंपनीचा, ३० किंवा ३२ व्होल्टपर्यंत इनपुट लिहिलेला घ्या.

रिक्षात बॅटरीवरून थेट वायर ओढून चार्जर बसवलाय. ठीक आहे ना?

या पानावरच्या सगळ्या प्रश्नांत सर्वाधिक काळजी याचीच वाटते. इथे चार्जर दुय्यम आहे, वायर मुख्य. सॉकेट नसल्यामुळे गाडीचा फ्यूजही वाटेत नसतो. बॅटरीपासून हँडलपर्यंत आलेली वायर पत्र्याच्या धारेवर रोज घासते, वर्षभरात इन्शुलेशन झिजतं, तांबं बॉडीला टेकतं आणि बॅटरीचा सगळा जोर त्या वायरवर येतो. वायर लाल होते, शेजारचा फोम पेटतो. आणि रिक्षा सीएनजीवर.

उपाय वीस-तीस रुपयांचा आहे. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत होल्डरसकट ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज टाका. फ्यूज चार्जरजवळ बसवून उपयोग नाही, कारण संरक्षण हवंय ते मधल्या वायरला. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बुश घाला.

दुचाकीलाही हेच लागू. शिवाय पावसाचं पाणी: यूएसबीचं रबरी झाकण तुटलं असेल तर पावसाळ्यात चार्जर वापरू नका, ओल्या पोर्टमध्ये पिना हिरव्या पडून सडतात. दुचाकीचा रेग्युलेटर बिघडला तर व्होल्टेज १६-१८ च्याही वर जातं, म्हणून हेडलाइटचे बल्ब वारंवार उडत असतील तर आधी रेग्युलेटर दाखवा, मग फोन लावा.

केबल कुठलीही चालते का?

नाही, आणि टाइप-सी आल्यापासून तर अजिबात नाही. जुन्या चौकोनी यूएसबीतून टाइप-सीला जाणाऱ्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर हवा असतो. काही स्वस्त केबलमध्ये त्याजागी १० चा घालतात. मग फोनचा समज होतो की समोर ३ अँपिअर देणारा दमदार चार्जर आहे, आणि तो पाऊण अँपिअरच्या बिचाऱ्या चार्जरकडून ३ मागतो.

गूगलमधले अभियंता बेन्सन लुंग २०१५ पासून अशा केबली विकत घेऊन तपासायचे. २०१६ मध्ये आतून उलट्या जोडलेल्या एका केबलने त्यांचा लॅपटॉप निकामी केला. त्याच वर्षी ॲमेझॉनने निकषांत न बसणाऱ्या टाइप-सी केबली विकायला मनाई केली. तरी बाजारात त्या आहेतच.

विकत घेताना काय बघू?

‘सीई’ची अक्षरं बघून भुलू नका. ती युरोपच्या बाजारासाठी असतात, अशा वस्तूंवर बनवणारा स्वतःच ती छापतो, आणि छापायला शाईखेरीज काही लागत नाही. पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा क्रमांक आहे का ते बघा. पाकीटबंद मालावर हे असणं कायद्याने बंधनकारक आहे. यातलं काहीच नसेल तर उद्या भांडायला समोर कोणी नाही. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर-’ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असेल तर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, नाव जुळतं का ते लगेच कळतं. पाकिटावर नाव-गाव सगळं असून दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि हो, त्याच टपरीवर ‘पेट्रोल वाचवणारा’ प्लगही लटकत असतो. तो सॉकेटमध्ये लावला की एलईडी लागतो. बाकी काही होत नाही.

चार्जरमुळे फ्यूज उडाला. मेकॅनिकने मोठा टाकून दिला. चालेल?

नाही. १५ च्या जागी १५ चाच. ३० चा टाकला किंवा तार गुंडाळली तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर जळेल. आधी सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघा. सुट्टं नाणं किंवा गुटख्याच्या पुडीची चांदी आत पडून शॉर्ट होणं नेहमीचं आहे. ते काढण्याआधी चावी बंद करा, सॉकेट कायम चालू राहत असेल तर फ्यूजही काढून ठेवा, आणि लोखंडी चिमटा घालू नका.

इलेक्ट्रिक कारमध्ये काही वेगळं?

नाही. मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची असली तरी लायटर सॉकेट वेगळ्या १२ व्होल्टच्या यंत्रणेवरच चालतं. वरचं सगळं तसंच लागू.

चालत्या गाडीत जळका वास आला तर?

इंडिकेटर देऊन बाजूला घ्या, चावी बंद करा, मग चार्जर काढा. चावी बंद करूनही दिवा जळत असेल तर रुमाल किंवा पुसायचं फडकं हाताला गुंडाळून ओढा, टोकाचा धातू सणसणीत तापलेला असतो. फोन केबलपासून सोडवा. तो फुगलेला किंवा जास्त गरम वाटला तर गाडीबाहेर, डांबरावर किंवा मातीवर ठेवा, खिशात नको. धूर डॅशबोर्डच्या आतून येत असेल तर सगळ्यांना उतरवा आणि ११२ ला फोन करा, सामान काढत बसू नका. वास थांबला तरी त्या सॉकेटमध्ये नवा चार्जर घालण्याआधी ते इलेक्ट्रिशियनला दाखवा. वितळलेलं प्लास्टिक आत चिकटून राहिलं तर नवाही सैलच बसतो.